‘गॉन होम’ कोणी खेळलंय का? (थोडं रिकाम्या घरांबद्दलही)

कौलारू

नमस्कार मंडळी. इथे गेमचा धागा निघाला की तो क्रिकेटचा असतो नाहीतर बंदुकांचा. हा दोन्हींपैकी नाही, आधीच सांगतो.

मागच्या आठवड्यात पावसाने तीन दिवस पर्वरीबाहेर पाऊल टाकू दिलं नाही. लॅपटॉप म्हातारा, जरा नवा गेम लावला की पंखा गिरणीसारखा घरघरतो. मग कधीतरी सेलमध्ये घेऊन ठेवलेला ‘गॉन होम’ काढला. ऑगस्ट 2013चा. अमेरिकेत पोर्टलंडला फुलब्राइट नावाची चिमुकली कंपनी, तिचा हा पहिलाच गेम. त्यातली मूळची मंडळी आधी ‘बायोशॉक 2’ या बंदुकांच्या गेमच्या ‘मिनर्वाज डेन’ या पुरवणी भागावर कामाला होती. तिथून बाहेर पडली आणि बंदूक काढून टाकून नुसतं घर ठेवलं.

गोष्ट एवढीच : जून 1995, मध्यरात्र उलटून गेलीये. केटी ग्रीनब्रायर वर्षभर युरोप फिरून ऑरेगनमधल्या घरी परतते. ती बाहेर असताना घरच्यांनी बिऱ्हाड हलवलंय, म्हणजे घर तिलाही नवं. बाहेर वादळ, दाराला कुलूप, दारावर धाकट्या बहिणीची, सॅमची चिठ्ठी : मी कुठे आहे ते शोधत बसू नकोस. आत चिटपाखरू नाही. टीव्ही तेवढा चालू, त्यावर वादळाचा इशारा. मग आपण दिवे लावायचे, खण उघडायचे, कागद वाचायचे. मारायला कोणी नाही, मरायची सोय नाही, गुण नाहीत.

पहिला अर्धा तास मी भुताची वाट बघण्यात घालवला. गेमवाल्यांना ते पक्कं ठाऊक आहे. बाथटबमध्ये लालभडक डाग दिसले तेव्हा माझा हात माउसवरून आपसूक उठला. निघाला केसांचा रंग.

पण मला लिहायचंय ते दुसरंच. या घरात दिसेल ते उचलता येतं. पेला, पेन, वही, कॅसेट. हातात धरून उलटंसुलटं करून बघता येतं. आणि उचललेली वस्तू घेऊन तिच्या मूळ जागेकडे पाहिलं की ‘परत ठेवा’ असा पर्याय येतो. ठेवलं काय, भिरकावलं काय, गेमला सोयरसुतक नाही. तरी मी दोन तास प्रत्येक वस्तू जागच्या जागी ठेवत होतो. टिश्यूचा डबासुद्धा.

एप्रिलात मी मामाच्या घरी, म्हणजे आईच्या माहेरी सत्तरीला, इन्व्हेंटरीसाठी गेलो होतो. गोव्याबाहेरच्यांसाठी सांगतो. आमच्याकडे माणूस गेला की कोर्टात त्याच्या मालमत्तेची यादी होते. 1867च्या पोर्तुगीज नागरी संहितेपासून चालत आलेली रीत, आता त्यासाठी आपला 2012चा कायदा आहे. एक वारस ‘काबेसा द काझाल’ होतो, तो यादी देतो, मग वाटे पडतात. लग्नानंतर नवरा-बायकोची मिळकत सहसा सामायिक, म्हणून भावंडांच्या जोडीने जावई-सुनाही कागदावर आल्या. मामाला मूलबाळ नाही. मागे तीन बहिणी आणि एक भाऊ, त्यातली एक मावशी लिस्बनला. यादी करायचं काम माझ्याकडे, का तर ‘तुझं अक्षर बरं’.

घर तीन वर्षं बंद. कुलपात खोबरेल ओतून अर्धा तास झटापट केली तेव्हा उघडलं. राजांगणात तुळस वाळून काटकी झालेली, तिच्याच वृंदावनात पेरूचं रोप टरारून वर आलेलं. मी लिहीत गेलो : तांब्याचा हंडा 1, समया 2, घडवंची 1, मोडकी खुर्ची 3. देवघराशेजारच्या कपाटात शाळेची शंभरपानी वही सापडली. आजीच्या हातची माटोळीची, म्हणजे चवथीला गणपतीवर टांगायच्या फळाफुलांची, यादी. दर चवथीला नवं पान. डावीकडे वस्तू : कांगलां, कवंडळां, तोरिंजन, आंबाडे, सुपारीचं शिपटं. उजवीकडे ती कोण आणणार त्याचं नाव. पहिल्या पानांवर उजवी बाजू भरून नावं. मग एकेक नाव खोडलेलं. कुठे पुढे ‘मुंबय’ लिहिलंय, कुठे नुसतीच रेघ. शेवटच्या पानावर उजवीकडे वरपासून खालपर्यंत एकच शब्द : बाजार, बाजार, बाजार.

वकिलाकडचा माणूस म्हणाला, वह्याबिह्या लिहू नका, त्याला किंमत नसते. मी वही होती तिथे ठेवली, समईच्या डाव्या अंगाला. खिशात घातली असती तर कोणाला कळलंही नसतं.

असो. खेळलेल्यांनी लिहा. न खेळलेल्यांना एवढीच मदत : पुढच्या दाराची किल्ली पोर्चवरच आहे.

रात्रपाळी

खेळलोय. 2016 साली प्लेस्टेशनवर आला तेव्हा. तुमचं लिखाण गेमपेक्षा बरं आहे, हे आधी सांगून टाकतो.

माझी तक्रार जुनीच. नवा असताना वीस डॉलर किंमत आणि दोन तासांत खेळ खलास. तेव्हा तेवढ्यात विसवण घालून पाचेक फिश थाळ्या आल्या असत्या. आणि खेळायचं काय, तर चालायचं आणि खण उघडायचे. अशा गेमांना लोक ‘वॉकिंग सिम्युलेटर’ म्हणून हिणवतात ते उगाच नाही. माळ्याची किल्ली कुठे लपवलीये हे ठाऊक असलेले लोक हा गेम एका मिनिटाच्या आत संपवतात. व्हिडिओ आहेत, बघा.

बोंडल्याचा_गवा

रात्रपाळीबाब, देवळातही घंटा वाजवून एका मिनिटात बाहेर येता येतं.

रात्रपाळी

देऊळ वीस डॉलर घेत नाही.

बोंडल्याचा_गवा

कुठल्या देवळात जाता हो तुम्ही? आम्हांलाही सांगा.

लोडशेडिंग

माझा अनुभव हसण्यासारखा आहे. घरात एक गुप्त वाट आहे, तिथे क्रूस ठेवलेला दिसतो. तो उचलला की डोक्यावरचा दिवा फट्‌कन जातो. मी क्रूस उचलला आणि त्याच क्षणी आमच्या आख्ख्या वाड्यावरची वीज गेली. लॅपटॉप बॅटरीवर चालू, पडद्यावर काळोख, खोलीत काळोख, बाहेर माडांची सळसळ. मी हेडफोन काढून थेट आईच्या खोलीत. वय वर्षं एकतीस.

ज्यांना भीती वाटते त्यांच्यासाठी : नवा खेळ सुरू करतानाच सगळे दिवे लावून ठेवायची सोय आहे. लाज वाटून घेऊ नका.

दुसरं, डोळ्यांसमोरून घर फिरतं तसे कॅमेरे मला सोसत नाहीत, मळमळतं. ज्यांना बोटीत किंवा घाटात त्रास होतो त्यांना इथेही होईल. पडद्यापासून जरा लांब बसा, खोलीत उजेड ठेवा, वळताना माउस सावकाश फिरवा आणि वीस मिनिटांनी उठा. कोकमाचं पाणी जवळ ठेवलं तर उत्तम.

शेवंतीवेणी

पुढे रहस्यभेद आहे. न खेळलेल्यांनी माझा प्रतिसाद ओलांडून जावं.

मी हा गेम अर्ध्यावर सोडला होता आणि पाच वर्षांनी पुरा केला. सोडला कारण आमच्या घरात माझी डायरी वाचली जायची. ‘काळजीपोटी’. मग मी डायरीत खोटं लिहायला शिकले. आणि इथे मीच दुसऱ्या मुलीच्या वह्या चाळत बसलेली, तेही मजेसाठी.

पण एक जागा अशी आहे की या लोकांना मी मानलं. सॅमच्या हातचा एक कागद मिळतो, त्यात ती लॉनी या आपल्या मैत्रिणीबरोबरच्या एका रात्रीबद्दल लिहितेय. केटी चार ओळी वाचते आणि कागद आपणहून खाली ठेवते. मी परत उचलला. परत ठेवला तिने. तिसऱ्यांदा उचलला, तरी तेच. म्हणजे खेळणाऱ्या बाईपेक्षा गेममधल्या बाईला अदब जास्त! कौलारूबाब, तुमच्या ‘परत ठेवा’ला हे जोडून बघा. बाकी घरभर परत ठेवायचं की नाही ते आपल्यावर सोपवलंय, इथे नाही.

सॅम आणि लॉनी या दोघींची ही गोष्ट, आणि ती सॅमच्याच आवाजात ऐकू येते. लॉनी सैन्यात जायची तयारी करतेय. अमेरिकन सैन्यात तेव्हा ‘विचारू नका, सांगू नका’ हे धोरण होतं, 1994 ते 2011. सांगितलं की नोकरी गेली. कॅसेट लावल्या की ‘ब्रॅटमोबाइल’, ‘हेवन्स टू बेट्सी’ अशा मुलींच्या बँडचा आरडाओरडा. तेव्हाच्या ‘रायट गर्ल’ चळवळीतले हे खरे बँड.

मी पहिल्यांदा लावला तो डिसेंबर 2013. मडगावला दोघी मिळून भाड्याची खोली घेतली होती. त्याच आठवड्यात सुप्रीम कोर्टाने समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारं 377 कलम पुन्हा लागू केलं होतं. खोलीतली मैत्रीण माझ्या शेजारी बसून नुसती बघत होती. सॅमची ती नोंद सुरू झाली, लॉनीबद्दलची, आणि ती उठून गच्चीवर गेली. कपडे काढायला म्हणून. कपडे मीच संध्याकाळी काढले होते. मी काही विचारलं नाही, लॅपटॉप बंद केला.

सप्टेंबर 2018मध्ये, कोर्टाने तेच कलम मोडीत काढल्याच्या दुसऱ्या दिवशी, तिचा बंगलोरहून फोन. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर म्हणाली, “अगो, त्या गेमात शेवटी काय झालं गं?” मला ठाऊकच नव्हतं. त्या रात्री बसून पुरा केला आणि तिला कळवलं : दोघी गाडी घेऊन गेल्या. कुठे, ते गेम सांगत नाही.

लोडशेडिंग

शेवंतीबाय, 👏

तिसवाडकर

सगळे भारावून लिहिताहेत तर थोडं मीठ टाकतो.

मला हे घर पटलं नाही. कुठल्या घरात माणसं आपली गुपितं अशी टेबलाटेबलावर मांडून जातात? बापाची पत्रं इथे, आईच्या सहकाऱ्याची चिठ्ठी तिथे, पोरीची रोजनिशी तिसरीकडे, आणि सगळं बरोब्बर ज्या क्रमाने आपण खोल्या उघडणार त्या क्रमाने. कुलपं तेवढ्यासाठीच. घर कसलं, आखून दिलेली प्रदक्षिणा आहे.

एक मात्र कबूल. सॅमची गोष्ट कानात सांगितली जाते, बापाची आपणच जुळवायची, आणि मला तीच जास्त लागली. टेरी लेखक. त्याच्या कादंबऱ्या खपत नाहीत, गठ्ठेच्या गठ्ठे घरात पडून. प्रत्येक कादंबरीत कोणीतरी काळात मागे जाऊन 1963 साली अध्यक्ष केनेडींचा खून टाळायला बघतो. पोटासाठी हा गृहस्थ स्टिरिओ आणि स्पीकरांची परीक्षणं लिहितो. त्याच्या वडिलांनी त्याच्या लेखनाबद्दल काय म्हटलंय तो कागदही सापडतो, तो वाचा. आणि हे घर ज्या ऑस्करकाकांकडून वारशाने आलं त्यांच्याबद्दल तळघरात जे दिसतं त्यावरून लोकांनी एक भयंकर तर्क बांधलाय. गेम त्यावर अवाक्षर बोलत नाही. हा माणूस पुन्हापुन्हा 1963लाच का जातो, हे ज्याचं त्याने तळघरात उभं राहून ठरवावं.

मी तळघरात उभा राहिलो तेव्हा भुताची भीती कधीच गेली होती. तरी तिथून लवकर निघालो.

कौलारू

तिसवाडकर, ‘आखून दिलेली प्रदक्षिणा’ मान्य. पण कागद इतके का, याला उत्तर आहे. 1995 हे साल त्यांनी मुद्दाम निवडलंय. त्यानंतर माणसं एकमेकांशी जे बोलली ते ईमेलमध्ये आणि मग फोनमध्ये गेलं, घरात उरलं नाही. त्याआधी भांडण झालं तरी चिठ्ठी फ्रिजवर लागायची. आज असा गेम करायचा तर घरात एक चार्जर आणि फोनचं रिकामं खोकं सापडेल, आणि फोनला पासवर्ड.

आणि गुपितं मांडून ठेवण्याबद्दल म्हणाल तर आमच्या मामाच्या घरात मला वीजबिलांच्या गठ्ठ्यात आईचं 1979चं प्रगतिपुस्तक मिळालं. गणितात नापास. आम्हांला आजवर वेगळंच सांगितलं गेलं होतं.

बोंडल्याचा_गवा

हे यादीत कुठल्या क्रमांकाला घातलंत?

निमूट_वाचक

एरवी फक्त वाचतो, पण या जातीचे गेम शोधून शोधून खेळलोय म्हणून लिहितो. ज्यांना पुढे जायचंय त्यांच्यासाठी, माझ्या पसंतीने.

‘व्हॉट रिमेन्स ऑफ एडिथ फिंच’, 2017. हेही रिकामं घर, पण उलट्या चालीचं. माणूस गेला की त्याची खोली तशीच्या तशी बंद करून टाकायची, दाराला भोक पाडून आत डोकवायचं आणि राहिलेल्यांसाठी घरावर मजल्यामागून मजले चढवायचे. ब्रिटनच्या बाफ्ता पुरस्कारांत सर्वोत्तम गेम ठरला, पुढच्या वर्षी. (‘गॉन होम’लाही 2014 साली बाफ्ता होता, पदार्पणासाठीचा.) त्यातला मासळीच्या कारखान्यातला प्रसंग एकदा तरी खेळा. उजवा हात मासे कापत राहतो, डावा हात दुसऱ्याच जगात चालत असतो. वेर्ण्याच्या कारखान्यांत पट्ट्यावर उभं राहून आठ तास काढणाऱ्यांना समजावून सांगावं लागणार नाही.

‘डिअर एस्थर’. आधी 2008 साली फुकट आला, मग 2012 साली नव्या रूपात विकत. स्कॉटलंडच्या हेब्रिडीज बेटांपैकी एक ओसाड बेट. त्यात उचलायलासुद्धा काही नाही, नुसतं चालायचं आणि ऐकायचं. रात्रपाळींनी त्याच्या वाटेला जाऊ नये.

‘फायरवॉच’, 2016. 1989 सालचं वायोमिंग, जंगलावर नजर ठेवायला मनोऱ्यावर बसलेला हेन्री आणि वॉकीटॉकीवर डेलायला. शेवट पुष्कळांना फुसका वाटतो. मला वाटला नाही. 2023च्या मार्चमध्ये म्हादई अभयारण्यात आगी लागल्या तेव्हा आमच्या घरामागून रात्री डोंगरावर लाल रेघ दिसायची. सगळे विचारत होते कोणी लावली, कोणाचा हात आहे. ‘फायरवॉच’मध्ये हेन्री हाच प्रश्न घेऊन तासन्‌तास हिंडतो, आणि जे मिळतं ते फार लहान, फार माणसासारखं असतं. त्याचं संगीतही ‘गॉन होम’ करणाऱ्या ख्रिस रेमोचंच.

बस. परत गप्प.

रात्रपाळी

अहो निमूट, गप्प कशाला बसता, तुम्हीच लिहा. मासळीच्या कारखान्यासाठी तो फिंचवाला घेतो. कितीला आहे ते बघून.

कौलारू

एक भर घालतो आणि थांबतो.

काल रविवार, पाऊस. आई आली होती. मी गेम परत लावला होता, ती कांद्याची टोपली घेऊन शेजारी बसली. म्हणाली, “हें कोणाचें घर?” सांगितलं. मग तिची सूत्रं सुरू झाली. केटी पावसातून आत आली तर आधी पाय पुसले का. एवढ्या रात्री आलेल्या पोरीला जेवायला काही काढून ठेवलंय का, ते फ्रिजमध्ये बघ. मी एका खोलीतून निघालो की, “दिवो पालव रे, बिल कोण भरतलो?” गंमत म्हणजे टेरीची अगदी हीच चिठ्ठी घरात आहे, घरभर दिवे लावून ठेवते म्हणून सॅमला झाडणारी, तूही बहिणीसारखीच असं म्हणणारी. ती मी मराठीत वाचून दाखवली. आईला हा गेम तिथपासून आवडायला लागला.

आई-बापाच्या खोलीत मी खण उघडला तर म्हणाली, दुसऱ्याच्या कपाटाला हात लावू नये. मी म्हटलं, गेमच तसा आहे. थोड्या वेळाने कांदा चिरता चिरता : “मग तू आमच्या घरात किदें केलेंस?”

तेव्हा वहीचं सांगितलं. प्रगतिपुस्तकाचं नाही. वहीतल्या शेवटच्या पानांवर बाजार-बाजार आहे म्हटल्यावर ती म्हणाली, “बाजार न्हय. म्हातारेक दिसनासलें, ती सगळें मनांतल्यान बरयताली. तोरिंजन आमच्याच परसांत आसलें.” म्हणजे आजीला दिसत नव्हतं, ती अंदाजानेच लिहायची, आणि तोरिंजन तर परसातच होतं. आता मला वही परत बघायचीये. लिस्बनच्या मावशीचं मुखत्यारपत्र अजून आलेलं नाही आणि किल्ली वकिलाकडे आहे.

शेवंतीवेणी

प्रगतिपुस्तकाचं सांगू नकाच.

चवथीचा_पाहुणा

धागा वाचून काल रात्री गेम घेतला. मंडळी, किल्ली नक्की कुठे आहे? वीस मिनिटं झाली, पोर्चवरच उभा आहे. पाऊस थांबत नाही.

लोडशेडिंग

कपाट उघड. बदक उचल.

चवथीचा_पाहुणा

कसलं बदक??

रात्रपाळी

आणि मिळालं की परत ठेव, नाहीतर कौलारूबाब रागावतील.